एडीएचडीची गोळी चालू केल्यापासून पोर सारखं रडतंय? गोळीला हात लावायच्या आधी घड्याळ बघा

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ आणि उतावळेपणा. त्याची गोळी चालू होऊन आठ दिवस झालेले असतात, शाळेतून पहिल्यांदाच "आज जागेवर बसला" असा निरोप आलेला असतो, आणि त्याच संध्याकाळी पेन्सिलचं टोक मोडलं म्हणून पोरगं अर्धा तास हुंदके देत बसतं. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो गोळीनं पोराचं डोकं बिघडलं, आजपासून बंद. दुसरा म्हणतो लाडावलंय, चार दिवस दुर्लक्ष करा. दोन्ही चूक. आणि तिसरी चूक म्हणजे आईनं गुपचूप गोळी अर्धी करून देणं, ती तर मी स्वतः केली. पाचव्या दिवशी बंद, नवव्या दिवशी परत चालू, मधे दोन दिवस अर्धी, आणि मग डॉक्टरांसमोर बसल्यावर मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता येईना. आमचा एक महिना त्यात गेला आणि तो महिना माझ्या पोरानं सोसला.

बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या बाजूच्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत हाच घोळ बघितला म्हणून क्रमानं लिहितेय. मी डॉक्टर नाही, आई आहे. डोस किती, कुठली गोळी, हे तुमचे डॉक्टर ठरवणार. त्यांच्यापुढे काय घेऊन जायचं आणि तोपर्यंत घरात काय करायचं, तेवढं ह्यात आहे.

सगळ्यात आधी: ह्यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

पोरगं मरायच्या गोष्टी करतंय, "मी नसलो तर बरं" म्हणतंय, स्वतःला इजा करतंय, नसलेलं काही दिसतंय किंवा ऐकू येतंय म्हणतंय, दोन-तीन रात्री जवळजवळ न झोपता भलतंच उत्साहात आहे, छातीत दुखतंय, चक्कर येऊन पडलं. ह्यातलं एक जरी असलं तरी वही नको, निरीक्षण नको, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लागत नसेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, गाडी नसेल तर १०८. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू. पोराला एकटं ठेवू नका आणि घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा, आज्जीच्या बीपीच्यासुद्धा.

ॲटोमॉक्सेटिन चालू असेल तर पहिले काही महिने ह्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा. लहान मुलांत काही जणांना ह्या औषधावर असे विचार येऊ शकतात हा इशारा त्याच्या माहितीपत्रकातच असतो. घाबरवायला सांगत नाही, सगळ्यांना होत नाही. पण झालं तर ओळखता आलं पाहिजे.

टप्पा १: गोळी नेमकी कुठली ते पट्टीवर वाचा

"एडीएचडीची गोळी" असं एक औषध नाही. पट्टीवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात खरं नाव असतं, ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या, मिलिग्रॅमसकट.

साधी मिथाइलफेनिडेट असेल तर अर्ध्या-पाऊण तासात काम चालू करते आणि तीन-चार तासात उतरते. तीच लांब चालणाऱ्या प्रकारात मिळते, ती साधारण आठ ते बारा तास चालते, प्रकाराप्रमाणे कमी-जास्त. ॲटोमॉक्सेटिनचं गणितच वेगळं, ते चोवीस तास अंगात असतं आणि पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणण्यात अर्थ नाही. क्लोनिडिन असेल तर त्यानं पेंग येते, रक्तदाब उतरतो, आणि ते एकदम बंद करायचं नसतं, रक्तदाब उसळी मारतो. "आजपासून बंद" म्हणणाऱ्या घरांना हे बहुतेक वेळा माहीतच नसतं.

ह्याच पानावर बाकीची औषधं पण लिहा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर नुसता पाऊस आणि ओल, पोरांना सर्दी-दमा कायम, आणि सर्दीला मॉन्टेल्युकास्ट असलेली गोळी सर्रास दिली जाते. ह्या मॉन्टेल्युकास्टनं काही मुलांत चिडचिड, रडू, वाईट स्वप्नं असा त्रास होतो, ते माहीत असलेलं आहे. तेव्हा रडू नेमकं सर्दीची गोळी चालू झाली त्याच आठवड्यात आलं का, हे बघा. मुलांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाच्या डॉक्टरांना माहीत नसते, कारण आपण सांगतच नाही.

*तपासा:* गोळ्या किती उरल्यात? मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो, आणि असं लायसन प्रत्येक मेडिकलवाल्याकडे नसतं. खेड्यात तर नाहीच मिळत, बेळगावात पण दोन-चार दुकानं फिरावी लागतात. पट्टी संपली म्हणून चार दिवस खाडा, मग परत चालू, ह्या खेळात पोराचं मन वरखाली होणारच. आठ दिवसांच्या गोळ्या उरल्या की लगेच हालचाल करा.

टप्पा २: गोळीच्या आधी पोर कसं होतं ते प्रामाणिकपणे लिहा

हे कुणीच करत नाही. एडीएचडीमधे फक्त चुळबुळ नसते, भावना पण जोरात येतात आणि पटकन आवरत नाहीत. हरलं की पट उधळायचा, कुणी हसलं की भांडण, "नाही" म्हटलं की जमिनीवर लोळण, हे तुमच्याकडे आधीपासून होतं का? बऱ्याच वेळा असतंच, पण तेव्हा ते धावपळीत मिसळून जायचं, आता पोर शांत बसल्यामुळे रडणं वेगळं उठून दिसतं.

घरातल्या तिघांना वेगवेगळं विचारा. माझ्याकडे मी म्हटलं "हा आधी असा नव्हताच", आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं गेल्या वर्षी पतंगावरनं जेवला नव्हता की दोन दिवस." त्यांचं बरोबर होतं.

टप्पा ३: चौदा दिवसांची वही

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलात लिहू म्हणाल तर चौथ्या दिवशी बंद पडेल. रोज हे लिहायचं: रात्री किती वाजता झोपलं आणि सकाळी कधी उठलं, गोळी किती वाजता घेतली, गोळीच्या आधी काय खाल्लं, डबा किती परत आला, रडू किंवा राग किती वाजता आला, त्याच्या लगेच आधी काय झालं, किती मिनिटं चाललं आणि कशानं थांबलं.

नोंद अशी हवी: "गोळी ७.५०. नाष्टा अर्धी भाकरी. डबा तसाच परत. ५.१० ला बहिणीनं रिमोट घेतला, रडला, २५ मिनिटं, चपाती-गूळ खाल्ल्यावर थांबला."

अशी नको: "आज फार नाटकं केली."

"नाटक", "हट्ट", "मुद्दाम" हे शब्द वहीत आले की वहीचा उपयोग संपला, कारण त्यातनं डॉक्टरांना काहीच कळत नाही.

शाळेतले तास आपल्याला दिसत नाहीत, म्हणून टीचरांची मदत पाहिजे. आता इथं आपल्याकडची अडचण अशी की घरी मराठी, शाळा कन्नड नाहीतर इंग्लिश, आणि टीचर बऱ्याचदा फक्त कन्नड बोलणाऱ्या. मोठं पत्र लिहायला जाऊ नका. चार शब्दांची चौकट करून द्या, अळू म्हणजे रडणं, सिट्टू म्हणजे राग, हसिवु म्हणजे भूक, निद्दे म्हणजे झोप, शेजारी कन्नड येणाऱ्या कुणाकडून कन्नड अक्षरात लिहून घ्या, आणि टीचरांनी फक्त वेळ टाकायची. एवढं करायला कुठल्याही टीचर नाही म्हणत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. पोराचं सगळं दुखणं वर्गासमोर उलगडू नका, टीचरांना पण बाजूला घेऊन सांगा.

*सावधान:* ही वही पोरासमोर वाचायची नाही, पाहुण्यांना दाखवायची नाही. रडतानाचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकणं तर अजिबात नाही. डॉक्टरांसाठी एखादा मिनिटाचा व्हिडिओ काढलात तर तो दाखवून झाला की डिलीट.

रविवारी पण लिहा, रविवार फार महत्त्वाचा, का ते पुढे येतंय.

टप्पा ४: आता रडण्याची वेळ वाचा

चौदा दिवस झाले की रडण्याच्या सगळ्या वेळा एका पानावर उतरवा आणि शेजारी गोळीची वेळ. चित्र आपोआप दिसायला लागतं.

*गोळी जोरात असतानाच्या वेळा.* साध्या गोळीत एक ते तीन तासांनी, लांब चालणाऱ्या गोळीत शाळेच्या मधल्या तासांत, पोर गप्प, कोमेजल्यासारखं, डोळ्यात पाणी, खेळायला बोलावलं तरी जात नाही, टीचर म्हणतात "एकदम शहाणा झालाय". ह्या शहाणपणावर खूष होऊ नका. पोराचा पोरपणा गेला असेल तर डोस त्याच्यासाठी जास्त पडतोय किंवा हे औषध त्याला मानवत नाही, असं असू शकतं. हे ताबडतोब डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

*गोळी उतरतानाच्या वेळा.* सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार हाच. दिवसभर ठीक, आणि साधारण चार ते सहाच्या मधे, तास-दीड तास, पोर बिथरल्यासारखं करतं, मग रात्री जेवून परत नेहमीसारखं. ह्याला रिबाउंड म्हणतात, औषध अंगातनं उतरताना होणारा झटका. त्यात दिवसभराची भूक, शाळेचा शीण आणि नेमकी त्याच वेळी ट्यूशन. साधी गोळी सकाळी आठला घेतली असेल तर हाच झटका दुपारी बाराच्या आसपास शाळेत येतो, आणि घरी कुणाला त्याचा पत्ता नसतो.

*गोळीच्या आधी, सकाळी.* उठल्या-उठल्या चिडचिड, मोज्यावरनं रडू. मिथाइलफेनिडेटचा, साध्या असो की लांब चालणाऱ्या गोळीचा, कालचा डोस तोपर्यंत उतरलेला असतो, म्हणजे हे त्या गोळीचं थेट काम नाही. झोप पुरली नाही, किंवा मूळचा एडीएचडीच. झोपेची नोंद बघा, गोळीमुळे रात्री झोप लांबत असेल तर तेही इथंच सापडेल.

*दिवसभर, रोज, रविवारीही.* वेळेचं काही गणितच लागत नाही, आवडीच्या गोष्टीत पण मन नाही. इथं चिंता, उदासी, शाळेत कुणी छळतंय, घरात काही चाललंय, किंवा औषध मुळातच सोसत नाही, ह्यातलं काहीही असू शकतं. ॲटोमॉक्सेटिन चोवीस तास अंगात असल्यामुळे त्याचा त्रास पण असाच दिवसभर पसरलेला दिसतो.

*एकाच जागी.* सोमवार ते शुक्रवार रडू, रविवारी तीच गोळी, त्याच वेळेला, आणि रडू नाही. मग गोळीला दोष देऊन उपयोग नाही. आमच्या शेजारच्या मुलीचं असंच, सगळं रडू कन्नडच्या तासाच्या आधी. घरी मराठी बोलणारं पोर, पाठ वाचायला उभं केलं की बाकीचे हसतात. आधी तिचं लक्षच नसायचं म्हणून ते हसणं तिला कळत नव्हतं. गोळीनं लक्ष लागायला लागलं आणि हसणं कळायला लागलं.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कधीकधी पोर जास्त हळवं झालेलं नसतं, त्याला आजूबाजूचं जास्त दिसायला लागलेलं असतं.

टप्पा ५: गोळी न बदलता पोट आणि झोप दुरुस्त करा

वही चालू असतानाच, पहिला आठवडा झाला की हे चालू करा. त्याआधी नको, नाहीतर आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कळणार नाही.

मिथाइलफेनिडेट आणि ॲटोमॉक्सेटिननं भूक मरते. म्हणून गोळीच्या आधी पोटभर नाष्टा, गोळी गिळून मग ताटावर बसवलं की पोर दोन घास खाऊन उठतं. नुसता चहा-बिस्कीट नको. भाकरी-अंडं, थालीपीठ-लोणी, उप्पीट आणि दूध, इडली, जे घरात होतं तेच, पण पोट भरेल एवढं. चहा-कॉफी शक्यतो बंदच.

दुपारी डबा परत येणार, शाळेतलं बिसीऊट, म्हणजे दुपारचं गरम जेवण, पण ताटात राहणार, त्यावरनं रागावू नका, त्याला खरंच भूक नसते. डब्यात थोडकं पण ताकदीचं द्या, शेंगदाण्याचा लाडू, चपातीचा रोल, केळं.

शाळेतून आल्यावरची पहिली पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. दारात "आज काय शिकवलं, होमवर्क काय" विचारायचं नाही. आधी खायला. खाऊन होईपर्यंत प्रश्न नाही, टीव्ही बंद करायची घाई नाही, बहिणीशी तुलना नाही. मग अर्धा-पाऊण तास सायकल, अंगण, गच्ची, काहीही मोकळं. ट्यूशन साडेचारची असेल तर साडेसहाची करता येते का बघा. आमचं निम्मं रडू एवढ्यानंच गेलं, गोळी तीच होती.

झोपेची वेळ ठरलेली ठेवा, सणात सुद्धा जमेल तेवढी. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, पोराला रात्रभर जागवून पुढच्या तीन दिवसांच्या रडण्याचं खापर गोळीवर फोडू नका. असे दिवस वहीत गोल करून ठेवा, मोजायचे नाहीत.

टप्पा ६: रडू आलं त्या वेळी काय बोलायचं

एका वेळी एकच माणूस बोलणार. एकत्र घरात आई समजावतेय, काका दटावतोय, आज्जी लाडू देतेय, अशानं पोराला आणखी गुदमरतं. आज्जीला दृष्ट काढायची असेल तर काढू दे, त्यानं काही बिघडत नाही, गोळी चुकली नाही म्हणजे झालं.

"का रडालास?" हा प्रश्न त्या वेळी नको, बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच माहीत नसतं. "बाबू, लई वाईट वाटालंय न्हवं, मी बसलोय हितं" एवढं पुरतं. पाणी द्या, बसा, गप्प राहा. समजावणी नंतर, जेवण झाल्यावर, तीही दोन वाक्यांत.

मारणं, दुसऱ्या खोलीत कोंडणं, "मुलगा असून रडतोस" म्हणणं, नाही.

आणि एक वाक्य घरातनं कायमचं काढून टाका: "आज गोळी घेतली नाहीस काय?" पोर रागावलं की घरातले, कधी शाळेतलेही, हे सहज बोलून जातात. पोराला त्यातनं एवढंच कळतं की माझं दुःख खरं नाही, मी बिघडलेलं मशीन आहे. त्याला खरंच कारण असतं रागवायला कधीकधी. आमच्या पोरानं हे वाक्य ऐकून ऐकून एक दिवस गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकली, आणि आम्हाला आठवड्यानं कळलं.

*तपासा:* गोळी खरंच गिळली जातेय का? पाणी पिऊन दोन शब्द बोलायला लावा, दटावून तोंड उघडायला लावू नका.

टप्पा ७: डॉक्टरांकडे जाताना

वही, टीचरांची चौकट, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुनं वजन-उंची लिहिलेला कागद. पहिल्याच मिनिटाला एक वाक्य सांगा: "रडू चौदापैकी इतके दिवस, इतक्या ते इतक्या वाजता, गोळीनंतर इतक्या तासांनी." बाकीचं ते विचारतील. वजन, उंची, नाडी, रक्तदाब मोजला नाही तर आठवण करा.

बेळगावात दाखवा, धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, की कोल्हापूर-मिरजेला जा, पण एकाच ठिकाणी दाखवत राहा. दोन गावच्या दोन चिठ्ठ्या एकत्र करू नका. कन्नड नीट येत नसेल तर येणारं कुणीतरी सोबत न्या, आणि डोस, वेळ, बंद कसं करायचं ह्या तीन गोष्टी परत बोलून खात्री करून घ्या.

डॉक्टर डोस कमी करतील, वेळ सरकवतील, लांब चालणारा प्रकार देतील, उतरायच्या वेळी छोटा डोस जोडतील, किंवा औषधच बदलतील. चिंता किंवा उदासी वाटली तर त्याचं वेगळं बघतील. हे ठरवायचं त्यांनी, आपण घरी करायचे प्रयोग नाहीत ते.

*सावधान:* लांब चालणारी गोळी फोडायची, चुरायची, चावायला लावायची नाही. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडून दुधात घालायची नाही, त्यातली पावडर डोळ्याला गेली तर त्रास होतो. गिळता येत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. रविवारी-सुट्टीत गोळी द्यायची का नाही हेही त्यांनाच विचारा, प्रत्येक पोराचं वेगळं असतं.

टप्पा ८: बदल झाल्यावर परत वही

एका वेळी एकच बदल. नवीन डोस, नवीन ट्यूशन आणि झोपेची नवीन वेळ एकाच आठवड्यात केलीत तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. आणि जमेल तर बदल शाळेच्या साध्या आठवड्यात करायचा का ते डॉक्टरांना विचारा, दसऱ्याच्या सुट्टीत नको, तेव्हा मामाकडे गेलेलं पोर वेगळंच असतं. पण त्रास जास्त असेल तर सुट्टी बघत थांबू नका.

मिथाइलफेनिडेटचा बदल काही दिवसांतच वहीत दिसतो. ॲटोमॉक्सेटिनला आठवडे द्यावे लागतात, मधे धीर सुटला तर डॉक्टरांना फोन करा, पट्टी कपाटात टाकू नका.

दुसऱ्या वहीत एक नोंद वाढवा, रोज झोपताना पोरालाच विचारायचं, "आज कुठला तास चांगला गेला आणि कुठला वाईट?" आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दात लिहायचं. आमच्यानं पहिल्या दिवशी सांगितलं, "दुपारी पोटात रिकामं आणि डोक्यात भरलेलं वाटतंय." मी ते वाक्य तसंच डॉक्टरांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी बाकीची पानं बाजूला ठेवून आधी दुपारच्या जेवणाचंच विचारलं.